दारात बांधलेली फटफटी

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. माझी बायको मंजुळा म्हणते, "लोकांचा ताप उतरवता, तुमचा कोण उतरवणार?" आणि मला नेमका त्यावरच राग येतो.

सदतीस सालची गोष्ट. पारोळ्यात माझा दवाखाना होता आणि आसपासच्या सात गावांत फेरी. बैलगाडीनं दिवसाला एक गाव व्हायचं, म्हणून मी जळगावच्या पितांबरशेठच्या दुकानातून एक विलायती फटफटी घेतली. त्या दिवसापासून मी दिवसाला तीन गावं करू लागलो. कुत्री मागं लागायची, पोरं ओरडत धावायची, म्हाताऱ्या पदर सावरून बांधावर चढायच्या. चार महिने मी राजा होतो. मग बहादरपूरच्या रस्त्यावर पुढच्या चाकाचा चिमटा एकाएकी तिरका झाला आणि राजेसाहेब बाभळीत जाऊन पडले.

चिमटा गाडीच्या सांगाड्याला ज्या लोखंडी पट्टीनं जोडलेला असतो, ती तुटली होती. बोटभर लांबीची पट्टी, भोकाजवळ कडकन मोडलेली. शेठच्या दुकानातल्या सत्तार मिस्त्रीनं नवी बसवून दिली. तीन आठवड्यांनी तीही तशीच, त्याच भोकाजवळ तुटली. या खेपेला माझा गुडघा फुटला, औषधांची पेटी फुटली आणि आयोडिनच्या वासानं मी दोन दिवस घरात कुणाला जवळ नकोसा झालो. फटफटी गोठ्यात गेली. मी पुन्हा बैलगाडीत बसलो.

शेठला मी चार पत्रं लिहिली. पहिल्यात नम्र होतो, चौथ्यात नव्हतो. उत्तर चारही वेळा एकच आलं: आपल्याकडील रस्ते ध्यानात घेता वाहन सावकाश हाकावे. मी स्वतः जळगावला गेलो, दुकानात तास दीड तास भांडलो. शेठ गोरा, गुबगुबीत, गोड बोलणारा माणूस. त्यानं मला दोनदा चहा पाजला आणि पट्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. मी पाय आपटत स्टेशनवर आलो तर मागून सत्तार मिस्त्री धापा टाकत आला.

"डागदरसाब, मेरा नाम मत लेना. पोरंबाळं आहेत मला." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "बारा गाड्या विकल्या. सात जणांच्या पट्ट्या मी माझ्या हातानं बदलल्या. त्या खेपेचं लोहाच कच्चं आहे, नवीन बसवली तरी तीच कच्ची. कंपनीनं जाड पट्ट्यांची पेटी पाठवून तीन महिने झाले. साथ में चिठ्ठी भी आयी, सगळ्यांच्या बदलून द्या म्हणून. पेटी फळीवर पडली आहे. सेठ खोलता नहीं."

"का पण?"

"बारा लोकांना खोट सांगितली, तो तेरावा कौन लेगा?"

मी शब्द दिला आणि गाडीत बसलो. बसलो म्हणजे उकळत बसलो. माहीत आहे, आणि सांगायचं नाही! मी डॉक्टर माणूस. एखाद्या विहिरीत पटकीचं पाणी आहे हे ठाऊक असून गप्प बसणाऱ्याला मी काय म्हणेन, तेच मी पारोळ्यापर्यंत मनात म्हणत आलो.

पुढच्याच महिन्यात बहादरपूरहून बोलावणं आलं. बाळंतपण अडलं होतं. बैलगाडीनं पोहोचायला तीन तास लागले. आई वाचली, मूल गेलं होतं. कुणी मला बोल लावला नाही, उलट चहा दिला. तो चहा मी तसाच ओट्यावर ठेवून निघालो. फटफटी असती तर मी पाऊण तासात पोहोचलो असतो, आणि फटफटी माझ्या गोठ्यात म्हशीशेजारी उभी होती. पुढचं बोलावणं कधी येईल याचा नेम नव्हता. मला जाड पट्टी हवी होती, आणि ती जळगावात एका फळीवर होती.

अशात माझे सासरे झुलाल आबा आले. आबा म्हणजे बैलांचे दलाल. धुळे, पारोळा, अमळनेर, जिथं बैलबाजार तिथं आबा. बैल चालताना नुसता मागून बघून ते सांगत, हा पाण्यात बसतो की नाही. फटफटीला ते 'ती तुमनी फडफड' म्हणत आणि तिच्यापासून दहा हात लांबून जात. माझ्या गुडघ्यावरचा वण बघून ते म्हणाले, "जवाई, मी तुमले एक तट्टू देस. गरीब शे, लेकरू बठाडा तरी चालस."

आता कबूलच करायचं तर मी घोड्याला भितो. लहानपणी एकानं मला दंडाला चावलं होतं. मी विषय बदलला आणि पट्टीची, पेटीची, सगळी हकीकत सांगितली. फक्त सत्तारचं नाव गाळलं. आबा शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"खोड त्याले माहीत व्हती?"

"होती."

"अन् सांगी नही?"

"नाही."

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. ते असं करतात तेव्हा मंजुळासुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर येते. "चार कागद लिखात तुम्हीन," ते म्हणाले. "कागद लिखीसन खोड जास का? बैल परत कराना व्हयना ते बैलले त्याना दारे लई जानं पडस."

बैलबाजारातला हा रिवाज मी ऐकून होतो, पाहिला नव्हता. विकलेल्या बैलात लपवलेली खोड निघाली की घेणारा बैल परत आणतो आणि विकणाऱ्याच्या दारात बांधतो. त्या दिवसाची वैरण स्वतःच टाकतो, कारण भांडण माणसांचं, उपाशी जनावरानं का राहायचं? मग समोर बसून राहतो. तोंड मात्र उघडायचं नाही. कुणी विचारलं, काय खोड? तर म्हणायचं, मालकाला विचारा. खोड विकणाऱ्यानंच सांगायची, जनावराच्या पाठीवर हात ठेवून, चारचौघांत. तोवर त्या दारातलं दुसरं जनावर कुणी घेत नाही.

"आबा, ही फटफटी आहे," मी म्हणालो.

"इकेल शे ना?" आबा म्हणाले. विकलेली आहे ना, मग झालं तर.

आम्ही गुरुवारी निघालो. फटफटी गाडीत घालून दोरानं आवळली होती, पुढं आबांचा सालदार वना हाकायला. वाटेत जो भेटेल तो गाडीत वाकून बघायचा आणि माझ्याकडं बघून चुकचुकायचा. मी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलो होतो. एरंडोलपर्यंत ते माझं पाठ झालं.

शनिवारी सकाळी जळगावात पोहोचलो. आठवड्याचा बाजार, रस्ता माणसांनी भरलेला. शेठचं दुकान मोक्याच्या जागी, ओसरीला दोन लाकडी खांब, ओळीनं उभ्या केलेल्या चकचकीत सायकली. आबांनी फटफटी खाली उतरवून घेतली, तिच्या मुठीला कासरा बांधला, त्याचं दुसरं टोक खांबाला आवळलं. इथवर मी दात ओठ खात सहन केलं. मग त्यांनी गाडीतून कडब्याची पेंढी काढली आणि फटफटीच्या पुढच्या चाकाजवळ नीट सोडून ठेवली.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी शिकलेला माणूस, गळ्यात स्टेथास्कोप, आणि माझ्या फटफटीपुढं कडबा! आमचे बैलसुद्धा माना लांब करून बघायला लागले. आबा पायरीवर बसले, मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "आते गप."

शेठ आतून आला, बघितलं आणि पोट धरून हसला. "काय हो डॉक्टर, दूध देते का?" दुकानातले चार लोक हसले. मी उठलोच. माझ्या तोंडून काय काय गेलं ते लिहीत नाही; चोर हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. शेठ हसायचा थांबला आणि हात जोडून लोकांना म्हणाला, "बघा मंडळी, शिकलेल्या माणसाची जीभ बघा. मी काही बोललो का?" लोक माझ्याकडंच नाराजीनं बघायला लागले. माझं डोकं आणखी फिरलं. "तुझ्याच दुकानातल्या..." असं मी बोलून गेलो. दुकानात मागं सत्तार उभा होता. त्याच्या हातातला पान्हा तसाच राहिला आणि चेहरा पांढराफटक पडला.

"जवाई," आबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "बठा."

मी बसलो. माझे कान तापले होते. आणखी एक शब्द, आणि एका भल्या माणसाची रोजीरोटी मी घालवली असती. तोंड न उघडण्याचा रिवाज कुणी शहाण्यानं माझ्यासारख्यांसाठीच पाडला असावा.

मग काहीच झालं नाही. एक तास झाला, दीड तास झाला. पण बाजाराला येणारी माणसं कोण? शेतकरी. दोर, खांब, कडबा, पायरीवर गप बसलेला पागोट्याचा म्हातारा. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. आधी हसू यायचं, मग पाय थबकायचे.

"काय खोड शे, आबा?"

"मालकले इचारा."

आणि माणूस खरोखर दुकानात जाऊन विचारायचा. शेठ पहिल्याला म्हणाला, वेडे आहेत. दुसऱ्याला म्हणाला, रस्ते खराब आहेत. तिसऱ्याला म्हणाला, आज दुकान जरा गडबडीत आहे. एक वयस्क शेतकरी मुलासाठी सायकल घ्यायला आला होता. अर्धा तास बघून त्यानं एक हिरवी सायकल निवडली होती, घंटीसुद्धा वाजवून बघितली होती. बाहेर येऊन त्यानं आमच्याकडं बघितलं, मग सायकल हळूच होती तिथं नेऊन लावली. "आज नही, शेठ," तो म्हणाला. "तुमना दारले दोर शे."

त्यानं आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. पण शेठचा चेहरा त्या वेळी मी पाहिला. माझ्या सगळ्या शिव्यांनी त्याला तेवढं लागलं नव्हतं.

दुपार झाली. आबांनी दशमी सोडली, अर्धी मला दिली. तेवढ्यात शेठ बाहेर आला आणि वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "डॉक्टर, झालं गेलं. गाडी मागच्या दारानं आत घ्या. नवी जाड पट्टी बसवून देतो, तासाभरात मोकळे. एवढा दोर तेवढा सोडा."

मला काय झालं सांगू! तीच पट्टी, जिच्यासाठी मी चार पत्रं लिहिली, दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी केली. मी कासऱ्याला हात घातलासुद्धा. "चला आबा, झालं काम."

आबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "खोड सांगी का त्यानी?"

"पट्टी देतो म्हणतोय ना!"

"तुमले देस." आबा माझ्याकडं बघत राहिले. "बाकीना अकरा जनसनं काय? त्या कोनाना जवाई नहीत का?"

मी हात मागं घेतला. मला स्वतःची लाज वाटली, सरळ सांगतो. पटकीच्या विहिरीच्या गोष्टी करणारा मी, माझा घडा भरून मागच्या दारानं निघालो होतो. बारा गाड्यांतल्या अकरा माणसांचा विचार त्या बैलवाल्या म्हाताऱ्यानं केला, मी नाही. मी पुन्हा पायरीवर बसलो. या वेळी कुणी बस म्हणायची वाट बघितली नाही.

शेठ उभाच राहिला. त्याच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती. रस्त्यावर पंधरावीस माणसं थांबली होती. मग तो दोन पायऱ्या उतरला आणि त्यानं फटफटीच्या बैठकीवर हात ठेवला. कुणी त्याला हे शिकवलं नव्हतं. खानदेशातला माणूस, कितीही सायकली विको, त्याला ठाऊक असतंच.

"पुढच्या चिमट्याची पट्टी कच्ची आहे," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाला. "या खेपेच्या बाराही गाड्यांची कच्ची आहे. चालता चालता तुटते. मला चार महिन्यांपासून माहीत होतं. चांगल्या पट्ट्या माझ्याकडं आल्या आहेत. मी सांगितलं नाही. धंदा बसेल म्हणून भ्यालो."

मला वाटलं, आता लोक त्याला फाडून खाणार. मी तरी खाल्लं असतं. पण तो हिरव्या सायकलवाला शेतकरी पुढं आला, त्यानं स्वतः खांबाचा दोर सोडला, नीट गुंडाळला आणि आबांच्या हातात दिला. मग दुकानात शिरला आणि तीच सायकल घेऊन बाहेर आला. "ह्यानी काही खोड?" त्यानं शेठला विचारलं.

"घंटी लवकर गंजते," शेठ म्हणाला, आणि सगळा रस्ता हसला. शेठही हसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायला त्यानं सगळ्यांना चहा सांगितला.

सत्तारनं फळीवरची पेटी खाली काढली. पट्टी बसवताना तो शीळ घालत होता. मधेच माझ्याकडं बघून त्यानं एक डोळा मिटला आणि मी दुसरीकडं बघितलं. तोवर शेठनं माझ्यापुढं अकरा कार्डं ठेवली. "तुम्हीच लिहा डॉक्टर, तुम्हाला सवय आहे." बोदवड, चोपडा, एदलाबाद, धुळे... पट्टी कच्ची आहे, गाडी चालवू नये, ताबडतोब आणावी, फुकट बदलून मिळेल. खाली शेठनं सह्या केल्या. त्या दिवशीसारखं सुवाच्य अक्षर मी जन्मात काढलेलं नाही.

रविवारी सकाळी निघायची वेळ झाली. वना बैलगाडी जुंपून आबांसाठी थांबला होता. मी फटफटीवर बसलो, किक मारायला पाय उचलला आणि पाय खाली येईना. पट्टी नवी होती, जाड होती, मी डोळ्यांनी पाहिली होती. पण माझ्या गुडघ्याला बाभूळ आठवत होती. शेठ, सत्तार, सगळे निरोप द्यायला उभे. मी उगीच पेट्रोलचं झाकण उघडलं, लावलं. रुमालानं आरसा पुसला. आरशात मला माझंच घाबरलेलं तोंड दिसलं.

आबा माझ्याकडं बघत होते. पडलेला बैल पुन्हा त्या उतारावर आला की काय करतो, ते त्यांना मी सांगायला नको होतं. त्यांनी धोतराचा काचा आवळला, पागोट्यावरून उपरणं बांधलं आणि माझ्या मागं चढून बसले. जन्मात फटफटीला बोट न लावलेला माणूस! त्यांचे दोन्ही हात माझ्या पोटाभोवती असे आवळले गेले की मला श्वास घेता येईना.

"चाला," ते म्हणाले.

मी किक मारली. एरंडोलपर्यंत आबा माझ्या पाठीशी रामनाम घेत होते. पुढं त्यांनी रामनाम थांबवलं आणि शेतातल्या पिकांवर बोलायला लागले. पारोळ्याच्या अलीकडं तर त्यांनी एका ओळखीच्या गाडीवानाला हात केला, अगदी लग्नाच्या वरातीत असल्यासारखा. मला इतकं बरं वाटत होतं की मी गाणं म्हणत होतो, आणि मला गाता येत नाही.

घरासमोर मंजुळा उभी होती. तिच्या शेजारी बहादरपूरचा नथ्थू, पायांवर गुडघाभर धूळ. त्याची बायको भिकुबाई सकाळपासून अडली होती. मी फटफटी बंदही केली नाही. मंजुळानं माझी पेटी आणून पुढं टाकीवर बांधली.

"आबा, उतरा," मी म्हणालो.

"उतरामा टाईम जाई," आबा म्हणाले. "चाला."

बहादरपूरचा रस्ता म्हणजे नुसती चाकोरी. पहिलीच चाकोरी आली आणि माझा हात आपोआप सैल पडला. फटफटी सावकाश झाली, गुरं चालावीत तशी. मला ते कळत होतं आणि मूठ पिळवत नव्हती. आबांची हनुवटी माझ्या खांद्यावर आली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, या आठ वर्षांत त्यांनी मला जवाई म्हटलं होतं, तुम्ही म्हटलं होतं, मी वयानं निम्मा असून ते माझ्यासाठी उठून उभे राहिले होते.

"भिऊ नको रे पोऱ्या," ते माझ्या कानात ओरडले. "मी शे ना मांगे. पळाड!"

मी मूठ पिळली. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यानं नव्हतं, आणि मी ते पुसलंही नाही, कारण दोन्ही हात कामात होते. फटफटी चाकोरीतून उडत, आदळत निघाली, मागं आबा 'हुर्र, हुर्र' करून तिला बैलासारखी हाकत होते, आणि चिमटा जागचा हलला नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा बाळ अजून यायचं होतं.